एबीएसचा दिवा, नवा सेन्सर आणि चार इंचाची वायर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, आत्ता निवांत लिहायला बसलेय कारण तेव्हा डोक्याला इतका ताप झालेला की कोणाला सांगायची पण इच्छा नव्हती. आमची गाडी २०१९ ची, छोटी एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल. आम्ही चिपळूणला राहतो आणि आईच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं त्यासाठी कराडला जायचं असतं, म्हणजे पोफळी, मग कुंभार्ली घाट, हेळवाक, कोयनानगर, पाटण असं करत. जाऊन येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर आणि गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, रस्त्यावर लाल चिखल आणि पाला, ट्रक तर विचारूच नका.

तर जूनच्या शेवटी घाट चढताना एका उजव्या वळणावर डॅशबोर्डवर आधी एबीएसचा पिवळा दिवा लागला, लगेच मागोमाग तो गाडी घसरल्याच्या चित्राचा, आणि स्क्रीनवर हिल होल्ड (चढावर थांबल्यावर गाडी मागे येऊ न देणारं) बंद असल्याचा मेसेज. एकदम तीन. आई बाजूला बसलेली, तिने विचारलं काय झालं गं, मी म्हटलं काही नाही, सेन्सर असेल कुठलातरी. पण माझं लक्ष लाल दिव्याकडे होतं. तो जो लाल ब्रेकचा दिवा असतो ना, हँडब्रेक ओढल्यावर लागतो तो, तो लागला असता तर मी तिथेच गाडी बाजूला घेतली असती, कारण तो ब्रेक ऑइल कमी झालं किंवा ब्रेकमध्येच काहीतरी गडबड झाली तर लागतो. तो नव्हता. नुसता एबीएसचा पिवळा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ न देण्याचं काम बंद होतं. कोरड्या रस्त्यावर हळू चालवलं तर निभतं. पण ओल्या घाटात उतरताना, आईला घेऊन, मला ते चालणार नव्हतं. पुढे एका ट्रकमागे चढावर थांबावं लागलं तेव्हा गाडी वीतभर मागे आली आणि मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा कळलं हिल होल्ड खरंच गेलंय.

कोयनानगरला चहाला थांबलो, गाडी बंद करून परत चालू केली आणि निघालो तर तिन्ही दिवे गायब! कराडपर्यंत काही नाही. परत येताना घाटात पुन्हा. मग घरी आल्यावर एक वही केली आणि प्रत्येक वेळी दिवा लागला की लिहायला लागले, कुठे लागला, पाऊस होता का, स्पीड किती, वळण कुठलं. ही वही पुढे सगळ्यात जास्त कामाला आली. (मी बारावीला फिजिक्स शिकवते, नोंदी ठेवायची सवय त्यामुळेच.)

माझ्याकडे तो स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल होता, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कोड बघायचा. त्यात काहीच आलं नाही, नो फॉल्ट. तिथे पहिला गोंधळ झाला कारण दिवा तर समोर पेटलेला दिसतोय. नंतर समजलं की असले डोंगल आणि फुकटची ॲप मुख्यतः इंजिनचे कोड वाचतात, पी ने सुरू होणारे. एबीएसचे कोड सी ने सुरू होतात आणि ते एबीएसच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये असतात, तिथपर्यंत जायला त्या कंपनीच्या गाड्या ओळखणारा स्कॅनर लागतो. म्हणजे डोंगलने ‘नो फॉल्ट’ दाखवलं याचा अर्थ इंजिनात फॉल्ट नाही एवढाच.

मग वर्कशॉपला नेली. त्यांनी स्कॅन केलं, कोड सी ००३५, पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. सर्किट हा शब्द लक्षात ठेवा, त्यात सेन्सरबरोबर त्याची वायरही येते. तिथला मुलगा मल्टिमीटर घेऊन आला, सेन्सरचं कनेक्टर काढलं, मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावला, रीडिंग काही येईना, म्हणाला मॅडम सेन्सर ओपन आहे, म्हणजे आतून तुटलाय, गेला. नवीन सेन्सर ३,१५० रुपये, लेबर आणि स्कॅनिंग धरून चार हजारच्या वर बिल. मला पटलं कारण कोडमध्येच सेन्सर लिहिलेलं आणि मीटरने पण तेच सांगितलं.

आता इथे थोडं थांबून सांगते कारण यातच सगळी मेख आहे. चाकाच्या स्पीड सेन्सरचे दोन प्रकार असतात. जुने होते त्यात नुसती कॉइल आणि लोहचुंबक, समोरून दात्यांची रिंग फिरली की स्वतःच एसी व्होल्टेज तयार करायचे. त्यांचा रेझिस्टन्स साधारण एक ते दोन हजार ओहम यायचा आणि मीटरने तो बघून सेन्सर चांगला का वाईट सांगता यायचं. नवीन गाड्यांत येतात ते ॲक्टिव्ह सेन्सर, आत छोटी चिप असते, तिला एबीएस मॉड्यूलकडून बारा व्होल्टच्या जवळपास सप्लाय मिळतो, आणि बेअरिंगच्या सीलवर जी चुंबकाची रिंग असते तिचे उत्तर-दक्षिण ध्रुव समोरून जातात तसा तो सेन्सर करंट बदलतो, एकदा ७ मिलीॲम्पिअर एकदा १४ मिलीॲम्पिअर. मॉड्यूल ते ७-१४, ७-१४ मोजून चाकाचा वेग काढतं. अशा सेन्सरला ओहमवर मीटर लावून काही कळतच नाही! चांगल्या सेन्सरलाही ओपनसारखंच रीडिंग येऊ शकतं. म्हणजे त्या मुलाने जुन्या सेन्सरची टेस्ट नव्या सेन्सरवर केली आणि चांगला सेन्सर फेल केला. त्याला कोणी शिकवलंच नसेल, त्याच्यावर माझा राग नाही, पण बिल माझ्या नावावर फाटलं.

सेन्सर बदलल्यावर नऊ दिवस दिवा नाही. मला वाटलं सुटलो. ते नऊ दिवस पाऊसही उघडला होता आणि मी फक्त घर ते कॉलेज करत होते, हे वहीत नंतर बघितल्यावर दिसलं. दहाव्या दिवशी बहादूरशेख नाक्याच्या पुढे उजवीकडे वळताना तिन्ही दिवे परत हजर.

परत वर्कशॉप. कोड तोच. आता म्हणाले बेअरिंग असेल, रिंग बेअरिंगवरच असते ना. मग दुसऱ्याने सांगितलं बेअरिंगला आवाज नाही, मॉड्यूल गेलंय. मॉड्यूलचं कोटेशन ४६,००० रुपये. आणि मग तो प्रश्न, जो चिपळूणमध्ये गाडीचं काहीही बिघडलं की विचारतातच, मॅडम गाडी पुरात होती का? २२ जुलै २०२१ चा पूर. आमच्या गावात त्या दिवशी किती गाड्या बुडाल्या त्याला गणती नाही, आणि नंतरची दोन वर्षं इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिकल बिघाडाचं उत्तर तयार असायचं, पुराचं पाणी. आमची गाडी त्या दिवशी गुहागरला बहिणीकडे होती, टायर सुद्धा बुडले नव्हते. मी तसं सांगितलं, तरी जॉबकार्डवर लिहिलं गेलं ‘पॉसिबल वॉटर डॅमेज’. मी ते खोडायला लावलं. चुकीचं कारण एकदा कागदावर आलं की पुढचा माणूस तिथूनच सुरुवात करतो, आणि गाडी विकताना तोच कागद आडवा येतो.

४६ हजार भरायच्या आधी मी घरी स्वतः बघायचं ठरवलं. चाक पूर्ण वळवलं की आत हात जातो. सेन्सरचं कनेक्टर काढलं (आमच्या गाडीत सेन्सर वेगळा आणि त्याला येणारी वायर वेगळी, सेन्सरजवळच दोन पिनचं कनेक्टर आहे), चावी ऑन करून वायरच्या बाजूच्या पिनांवर मीटर लावला, ११.८ व्होल्ट. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं, ११.८. वायर हलवली, ११.८. डावीकडे, ११.८. झालं, वायर चांगली, सप्लाय चांगला, सेन्सर नवा, म्हणजे राहिलं काय तर मॉड्यूल. त्या रात्री मी खरंच ४६ हजारांचा हिशेब मांडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलता बोलता एका सहकाऱ्याने सांगितलं की मार्कंडीच्या बाजूला एक चाचा आहेत, ऑटो इलेक्ट्रिशियन, ट्रक-एसटी वगैरेच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलंय, त्यांना एकदा दाखवा. छोटं पत्र्याचं गॅरेज, पण चाचांच्या मुलाकडे चांगला स्कॅनर होता, एबीएस वाचणारा. मी वही दाखवली. चाचांनी वही वाचलीच नाही, मलाच वाचून दाखवायला लावली, आणि तिसऱ्या-चौथ्या नोंदीला थांबवलं.

“मॅडम, सगळं उजव्या वळणाचंच आहे की. डावीकडे एकदा तरी लागला का?”

नव्हता लागला. अठरा नोंदी होत्या, त्यात पंधरा उजव्या वळणाच्या, तीन सरळ रस्त्यावर खड्ड्यात आपटल्यावर. डाव्या वळणाची एकही नाही. आणि जवळपास सगळ्या पावसात किंवा पाऊस थांबल्यावर तासाभरात. हे सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

चाचा म्हणाले, “मॉड्यूलला डावं-उजवं कळत नाही. डावं-उजवं कळतं ते हलणाऱ्या वस्तूला. आणि चाकाजवळ हलतं काय, तर वायर.”

मी म्हटलं चाचा मी वायर मोजली, ११.८ व्होल्ट येतात, वळवून पण बघितलं. तर ते म्हणाले, “व्होल्ट येतात हो, पण ताकद येते का ते बघितलं का?”

आता मला तिथे एकदम लख्ख झालं. मीटरचा आतला रेझिस्टन्स दहा मेगाओहम, म्हणजे बारा व्होल्टला मीटर जेमतेम सव्वा मायक्रोॲम्पिअर करंट घेतो. सेन्सरला लागतात ७ ते १४ मिलीॲम्पिअर, म्हणजे हजारो पट. वायर आतून तुटून टोकं नुसती गंजातून एकमेकांना चिकटलेली असतील, मध्ये तीन-चारशे ओहम जरी आले तरी मीटरला काही फरक पडत नाही, तो पूर्ण व्होल्टेज दाखवणार. पण त्याच वायरमधून १४ मिलीॲम्पिअर न्यायला गेलं की चार-पाच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सेन्सर उपाशी. मी हे दर वर्षी फळ्यावर शिकवते, अंतर्गत रोध आणि लोड. गाडीच्या चाकाशी उकिडवं बसल्यावर ते आठवलं नाही.

आधी त्यांनी लाइव्ह डेटा लावला, चारही चाकांचे वेग एका स्क्रीनवर. मुलगा गाडी चालवत होता, मी शेजारी स्कॅनर धरून. सरळ रस्त्यावर २०-२०-२०-२०. उजवीकडे पूर्ण वळवून गोल फिरवली तर बाहेरच्या चाकांचा वेग जास्त यायला पाहिजे, आणि पुढच्या डाव्याचा मध्येच शून्य, परत १६, परत शून्य. दिवे लागले. मग गाडी जॅकवर घेऊन पुढचं डावं चाक हाताने फिरवलं, स्क्रीनवर ४, ५ किलोमीटर दिसायला लागले. ॲक्टिव्ह सेन्सरचा हा फायदा, हाताने फिरवलं तरी वेग दाखवतो, जुना सेन्सर एवढ्या हळू फिरण्याला काही दाखवतच नाही. मी चाक फिरवत होते आणि चाचा वायर दोन बोटांत धरून इंच इंच वर सरकत वाकवून बघत होते. सेन्सरजवळ काही नाही, मधे काही नाही, शॉकअपच्या पुढे जिथे वायर रबरी बुचातून बॉडीत शिरते त्याच्या दोन बोटं अलीकडे वाकवली आणि आकडा शून्य. सोडली, ५. वाकवली, शून्य.

मला वाटलं झालं, सापडलं. पण चाचा म्हणाले अजून खात्री करू, नाहीतर तुम्ही तिसऱ्यांदा याल. त्यांनी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली, एबीएस मॉड्यूलचं कनेक्टर काढलं, खाली सेन्सरचं पण काढलं, म्हणजे ती वायर दोन्ही बाजूंनी मोकळी. हे महत्त्वाचं आहे, मॉड्यूल जोडलेलं असताना त्यातून बल्ब पेटवायला गेलात तर मॉड्यूल उडेल आणि मग ४६ हजार खरंच भरावे लागतील. मग बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या बॅटरीवरून वरच्या टोकाला बारा व्होल्ट दिले आणि खालच्या टोकाला पार्किंगचा पाच वॅटचा बल्ब लावला. पहिली वायर, बल्ब लख्ख. दुसरी वायर, बल्ब लालसर, निखाऱ्यासारखा. मग चाक उजवीकडे वळवलं आणि तो पण विझला. त्याच वायरला मी माझा मीटर लावला, चाक वळवलेलंच, ११.९ व्होल्ट. बल्ब विझलेला आणि मीटर बारा दाखवतोय. मी त्याचा व्हिडिओ काढला, मुलांना दाखवायला.

वायर कापून सोलली तर वरचं इन्सुलेशन नुसतं केसासारखं चिरलेलं, बाहेरून बघितलं तर कळणार पण नाही. आतलं तांबं मात्र कळकलेल्या भांड्यासारखं हिरवं, आणि सगळ्या तारा तुटून टोकाला टोक टेकलेल्या. चाक सरळ असलं की टेकलेल्या, उजवीकडे वळलं की ओढ बसून सुटायच्या, मधे नुसता गंज उरायचा, मीटरला तेवढा पुरतो, बल्बला नाही. चिरेतून पाणी शिरत होतं म्हणून पावसात जास्त.

पण तिथेच का तुटली? चाचांनी उजव्या बाजूचं चाक दाखवलं. तिथे वायर शॉकअपच्या पट्टीवर एका क्लिपमध्ये बसवलेली, त्यामुळे वळताना वायरचा मोठा सैल वळसा सावकाश हलतो. डाव्या बाजूला क्लिपच नव्हती. वायर लोंबत होती आणि सगळा ताण बुचाजवळच्या एकाच जागेवर येत होता. मग मला आठवलं, आदल्या वर्षी डाव्या बाजूचा शॉकअप लीक झाला म्हणून बदलला होता, दुसऱ्याच एका गॅरेजमध्ये. शॉकअप काढताना ती वायर सोडवावी लागते. बसवताना क्लिप तुटली असेल किंवा हरवली असेल, तशीच सोडून दिली. चाळीस रुपयांची प्लॅस्टिकची वस्तू! त्या गॅरेजवाल्याने नुसतं सांगितलं असतं की क्लिप तुटलीय, आणून द्या, तर मी आणून दिली असती. याचा मला अजूनही राग येतो, कारण त्या वायरवर माझ्या आईला घेऊन मी घाट उतरत होते.

दुरुस्ती कशी केली तेही सांगते कारण इथे पण लोक चुकतात. मी म्हटलं चाचा आता जोडून डाख मारा आणि टेप लावा. ते म्हणाले हलणाऱ्या वायरला डाख कधीच नाही, डाखेचं कथील तारेत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि मग कथील जिथे संपतं तिथे परत तुटते, सहा महिन्यात. पार्टच्या काउंटरला फोन केला तर ही वायर सुटी मिळत नाही, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा घ्या म्हणाले. चाचांनी भंगारातल्या गाडीची एबीएसची दुपदरी वायर काढून ठेवलेली होती, पीळ असलेली. तो पीळ पण पाहिजेच, शेजारच्या वायरींचा डिस्टर्बन्स सिग्नलमध्ये येऊ नये म्हणून. जुनी वायर बुचाच्या आत, बॉडीला जिथे ती हलत नाही तिथपर्यंत कापली, नवी वायर तिथून खाली कनेक्टरपर्यंत सलग घातली. हलत्या भागात एकही जोड नाही. जोड दाबायच्या स्लीव्हने केले, दोन्ही जोड एकमेकांसमोर न ठेवता दीड-दोन इंच मागेपुढे, वरून आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, गरम केल्यावर गोंद बाहेर येईपर्यंत. क्लिपच्या जागी तात्पुरता रबराचा तुकडा गुंडाळून टाय लावला, पण घट्ट नाही. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, जॅक वर-खाली करून बघितलं वायर कुठे ताणते का, टायरला लागते का.

खालचं कनेक्टर त्यांनी आधी खरडून साफ केलं होतं, आमच्याकडचा लाल चिखल त्यात कुठूनही शिरतो. नंतर परत मल्टिमीटर नाही, बल्ब. दोन्ही वायरींवर बल्ब सारखाच लख्ख, चाक कुठेही वळवा. मग सगळं जोडलं, कोड क्लिअर केला. क्लिअर केल्यावर पण दिवा लगेच गेला नाही म्हणून मी घाबरले, तर मुलगा म्हणाला थोडी चालवा, चारही चाकांचा सिग्नल नीट दिसेपर्यंत मॉड्यूल दिवा सोडत नाही. वीस-पंचवीसच्या स्पीडला गेल्यावर तिन्ही दिवे एका झटक्यात गेले.

चाचांनी ९०० रुपये घेतले. अडीच तास काम केलं होतं दोघांनी. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत, म्हणाले आईला घेऊन जाता ना घाटातून, क्लिप तेवढी आणून लावा.

क्लिपा दोन मागवल्या, एक राखीव, आठ दिवसांनी आल्या आणि चाचांकडेच जाऊन बसवून घेतली. जुना सेन्सर वर्कशॉपने परत दिला होता, तो चाचांनी लावून बघितला, व्यवस्थित चालतो, आता फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलाय. कापलेला चार इंचाचा तुकडा माझ्या लॅबमध्ये आहे, लाकडी पट्टीवर बसवलाय, एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला मीटर किंवा बल्ब. यंदाच्या बारावीच्या बॅचला पहिल्या तासाला तोच दिला आणि विचारलं, मीटर बारा दाखवतोय तर बल्ब का पेटत नाही? पहिलं उत्तर आलं, बल्ब गेलाय मॅडम.